वरातीत उकळलेली कोब्रा: रेप्लिका स्पोर्ट्स कारच्या कूलिंग फॅनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात उद्यमबागेत माझं लहानसं मशीन शॉप आहे. पोटापाण्यासाठी लेथवर पंपाचे पार्ट टर्न करतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्राबरोबर मागच्या शेडमध्ये एका कोब्राशी झटतो. खरी कोब्रा म्हणजे १९६२ साली कॅरॉल शेल्बी यांनी इंग्लंडच्या एसी कंपनीच्या 'एस' गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवून केलेली. आमची तिची रेप्लिका, म्हणजे नक्कल, सावत्र धाकटी बहीणच म्हणा: पाइपची चासी, फायबरची बॉडी आणि जुन्या सेडानचं दोन लिटरचं पेट्रोल इंजिन. दिसायला झकास, स्वभावानं तापट. दोन वर्षांपूर्वी ती शहापुरात भर वरातीत उकळली. तेव्हापासून निपाणी, चिकोडी, खानापूर, पलीकडं चंदगड, कुठून कुठून फोन येतात आणि प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

गाडी गरम होते. फॅन मोठा टाकला की थांबेल ना?

आधी सांगा, कधी गरम होते? टिळकवाडीत रेल्वे गेट पडलंय, गाडी जागेवर उभी आहे आणि तापमानाचा काटा चढतोय. गेट उघडून जरा पळवली की काटा आपोआप खाली येतो, असं असेल तर दोष हवेचा. फॅन, त्याचं कव्हर, त्याची वायर यांतलं काहीतरी. पण काकती सोडून हायवेला ८०-९० नं जाताना काटा चढत असेल, तर फॅनवर एक रुपया घालू नका. साधारण ५०-६० च्या वर गेलं की समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. फॅन तिथं नुसता बसलेला पाहुणा. पळताना गरम होणाऱ्या गाडीत रेडिएटर चोंदलेला असतो, किंवा लहान पडतो, वॉटर पंप झिजलेला असतो, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धवट अडकलेला असतो, नाहीतर इग्निशनचं टायमिंग मागं पडलेलं असतं.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, खालच्या सगळ्या उत्तरांत तीच आहे. फॅन इंजिन थंड करत नाही. रेडिएटरच्या जाळीतून आरपार जाणारी हवा थंड करते. फॅन नुसता गरगरतोय आणि हवा बाजूनं पळतेय, तर सोळा इंची काय नि वीस इंची काय.

वरातीत नेमकं झालं काय?

मे महिना, संध्याकाळचे सहा. मित्राच्या भाच्याला घोडा नको होता, "मी गाडीतनंच जाणार" म्हणून हटून बसला. पुढं बेंजो, मध्ये नाचणारी पोरं, मागं आम्ही पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबत-सोडत. अर्ध्या तासात काटा ९० वरून १०५ वर. डॅशवरचं फॅनचं बटण मी कधीचं दाबून ठेवलेलं. फॅन फिरल्याचा आवाज येत होता, त्यावर मनाची समजूत घालून बसलो होतो. चौकात बेंजो थांबला, नाच रंगला, आणि रेडिएटरच्या कॅपखालून आधी बारीक शिट्टी, मग नळीतून वाफ, मग रस्त्यावर हिरवं पाणी. गर्दीतले एक काका म्हणाले, "धुराचं मशीन बी आणलाय की रे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यावरच्या गॅरेजातले अण्णा बाहेर आले, वाफेकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बिसी आग्यादरी." म्हणजे कन्नडमध्ये, गरम झालीय हो. तेवढं आम्हालाही कळलं होतं. नवरदेव उरलेलं अंतर मामाच्या बुलेटवरून गेला.

दुसऱ्या दिवशी मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.६ व्होल्ट. फॅनच्या टोकाला १०.९. म्हणजे वाटेतच पावणेतीन व्होल्ट गळाले. श्राउड, म्हणजे फॅन आणि जाळी यांमधलं कव्हर, नव्हता. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना हाताचा पंजा जाईल एवढ्या फटी. फॅन बिचारा नवाकोरा आणि निर्दोष होता. आम्ही त्याला उपाशी ठेवून कामाला जुंपलं होतं.

किती इंची फॅन घ्यावा? एक मोठा की दोन लहान?

रेडिएटरची जाळी मोजा आणि त्यातला जास्तीत जास्त भाग फॅनखाली कसा येईल ते बघा. आमची जाळी २४ बाय १६ इंच, म्हणजे ३८४ चौरस इंच. १४ इंची एका फॅनचं वर्तुळ भरतं १५४ चौरस इंच, म्हणजे चाळीस टक्के. १० इंची दोन घेतले तरी १५७, जवळपास तेवढेच. त्यात फायदा काही नाही, मोटरी मात्र दोन. ११ इंची दोन घेतले तर १९०, जाळीचा निम्मा भाग. आम्ही तेच घेतले. एक १६ इंची २०१ भरतो, पण त्याची मोटर आमच्या पंपाच्या पुलीला टेकत होती.

दोन फॅनचा खरा फायदा वेगळाच: एक जळाला तरी दुसऱ्यावर घर गाठता येतं. जांबोटीच्या जंगलात हा फायदा चौरस इंचात मोजता येत नाही.

जाडी मात्र आधी मोजा. बारीक फॅनसुद्धा मोटरीपाशी ५०-६० मिलिमीटर जागा खातो. पुठ्ठ्याचा गोल कापून, मागं चहाच्या डब्याचं झाकण मोटर म्हणून चिकटवून बसवून बघा. हसू नका, आमचे दोन फॅन परत करायचे वाचले.

बॉक्सवर '२५०० सीएफएम' लिहिलंय. खरं मानायचं का?

सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. हा आकडा बहुतेक वेळा फॅन मोकळ्या हवेत, समोर काही आडवं नसताना मोजलेला असतो. जाळी आडवी आली की तो बराच खाली येतो, आणि किती खाली ते बॉक्सवर छापत नाहीत.

माझा सोपा हिशेब: फॅन किती अँपिअर खातो ते विचारा. १२ व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ८० वॅटची मोटर आणि २५०० चा दावा असेल तर दुकानदाराला चहा पाजून घरी या. हवा ढकलायला ताकद लागते, ती फुकट येत नाही.

हवेची गरज का लागते त्याचा अंदाज घ्यायचा असेल तर बघा. मिनिटाला १००० घनफूट म्हणजे सेकंदाला सुमारे ०.४७ घनमीटर हवा. ती जाळीतून जाताना ३० अंशांनी तापली तर सुमारे १५ किलोवॅट उष्णता घेऊन जाते, म्हणजे हजार वॅटच्या पंधरा इस्त्र्या एकदम. म्हणून जाळीमागून येणारी हवा हाताला चटका देणारी हवी. कोमट लागते आणि काटा मात्र वर, तर एक तर गरम पाणी जाळीत नीट फिरत नाही, नाहीतर तुमच्या हाताला लागणारी हवा जाळीतून आलेलीच नाही.

फॅन रेडिएटरच्या पुढं लावायचा की मागं?

जागा असेल तर मागं, इंजिनच्या बाजूला, हवा ओढणारा. पुढं लावलेला फॅन गाडी पळताना वाऱ्याच्या वाटेत उभा राहतो, आणि त्याला नीट कव्हरही करता येत नाही. मागं जागाच नसेल तर पुढं लावा, नाइलाजाला औषध नाही.

जाळीतून प्लास्टिकच्या काड्या आरपार घालून फॅन आवळायचे किट मिळतात ते मात्र घेऊ नका. गाडीच्या थरथरीनं त्या काड्या नळ्यांवर घासतात आणि वर्षभरात पाणी पाझरायला लागतं. पट्टीचे ब्रॅकेट करा, रेडिएटरच्या फ्रेमला बोल्ट मारा.

श्राउड लागतोच का? नुसता फॅन नाही चालत?

चालतो, जसा पंखा दाराबाहेर लावून खोली गार होते तसा. श्राउड नसेल तर फॅन फक्त आपल्या वर्तुळापुरती हवा ओढतो. जाळीचे चारही कोपरे नुसते तापत बसतात. श्राउड म्हणजे अख्ख्या जाळीवर बसवलेला पेटारा, ज्याला एकच तोंड आणि त्या तोंडात फॅन. मग ओढलेली हवा कोपऱ्यांतूनही येते.

आम्ही दीड मिलिमीटर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा केला. पाती आणि जाळी यांत किमान एक इंच पोकळी ठेवली. पेटारा जाळीला चिकटून असेल तर कोपऱ्यांतल्या हवेला फॅनपर्यंत यायला वाट राहत नाही. पातीचं टोक आणि गोल यांतली फट उलट जितकी कमी तितकी चांगली. आमचा पहिला गोल जिगसॉनं कापलेला, वेडावाकडा, एका बाजूला बोटभर फट. दुसरा लेथवर फिरवून घेतला. मशीन शॉप असल्याचा तेवढाच माज.

अख्खी जाळी झाकली की हायवेला तोच पेटारा वाऱ्याला आडवा येतो, हे खरं. म्हणून पत्र्याला तीन चौकोनी खिडक्या पाडून आतून रबराच्या झडपा लावल्या. फॅन ओढत असताना त्या चिकटून बंद राहतात, गाडी पळाली की वारा त्यांना ढकलून बाहेर जातो. रबर कुठलं? जुन्या ट्यूबचं.

आता फटींचं. रेडिएटर आणि बॉडी यांत फट असेल तर दोन प्रकारे घात होतो. पळताना हवा जाळीतून जायच्या ऐवजी फटीतून पळते, हवेला काय, सोपा रस्ता दिसला की तिकडंच. आणि उभं असताना मागची तापलेली हवा त्याच फटीतून फिरून पुढं येते, फॅन तीच पुन्हा ओढतो. इंजिन आपलाच उच्छ्वास श्वासात घेतं म्हणा ना. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर देवघरातली उदबत्ती आणा. गाडी उभी, फॅन चालू, बॉनेट शक्य तितकं खाली, आणि उदबत्ती रेडिएटरच्या कडेकडेनं फिरवा. धूर जाळीत शिरला तर छान. आमचा धूर डाव्या कोपऱ्यात मागून पुढं येत होता, एखाद्या चुलीच्या उलट्या धुराड्यासारखा. त्या कोपऱ्यात दाराला लावतात ती फोमची पट्टी कोंबली. त्या एका पट्टीनं आमचा काटा चार अंश उतरला, फॅनला हात न लावता.

भंगारात एखाद्या अपघातग्रस्त डिझेल कारची फॅन असेंब्ली श्राउडसकट मिळाली आणि तुमच्या जाळीच्या मापाची निघाली, तर वरचं सगळं विसरा आणि ती घ्या. कंपनीच्या इंजिनिअरनं त्यावर जितका विचार केलेला असतो तितका तुमच्या-माझ्या पत्र्यात येणार नाही. फक्त मोटरीचा बेअरिंग हातानं फिरवून, कान लावून बघा.

वायरिंगमध्ये एवढं काय? दोनच तर वायरी.

त्या दोन वायरींनीच आमची वरात काढली. आमच्या गाडीत फॅनचा सगळा करंट दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीनं डॅशवरच्या बटणापर्यंत जाऊन परत येत होता. अर्थची वायर चासीला बोल्टनं लावलेली, पण बोल्टखाली पेंट तसाच. पेंट म्हणजे चांगला इन्सुलेटर! १३.६ चे १०.९ झाले की फॅनचा वेग साधारण पाचव्या हिश्शानं पडतो, हवाही तेवढीच पडते, आणि मोटरीला मिळणारी ताकद जवळपास अर्ध्यावर येते.

दुरुस्ती अशी केली. बॅटरीच्या प्लसवरून, बॅटरीजवळच फ्यूज लावून, चार चौरस मिलिमीटरची वायर सरळ रिलेच्या (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरच्या पिनेला. ८७ वरून फॅन. ८६ ला इग्निशनचा प्लस, ८५ थर्मो स्विचमधून (ठरलेल्या तापमानाला चालू होणारा स्विच) अर्थला. प्रत्येक फॅनला स्वतंत्र ४० अँपिअरचा रिले आणि स्वतंत्र २० अँपिअरचा फ्यूज. आमचा एक फॅन चालताना १० अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. चासीचा पेंट घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत काढला, वायरीच्या टोकांचे लग चांगले दाबून क्रिंप केले, वर ग्रीस. फॅनच्या टोकाला १३.१ व्होल्ट. आवाजच बदलला, आधी कुरकुर होती, आता शेडच्या दारातला पाला उडायला लागला.

डॅशवर बटण ठेवायचंच असेल तर ते ८५ च्या वायरीवर ठेवा, म्हणजे बटणातून रिलेचा चिमूटभर करंट जाईल. मोजमाप मात्र फॅन फिरत असताना, फॅनच्या टोकालाच घ्या. वायर काढून मोजलं तर करंट वाहत नसतो, मग १३.६ च दिसतील आणि तुम्ही खुशीत घरी जाल.

फॅन उलटा फिरतोय हे कसं ओळखायचं?

गाडीसमोर वहीचा कागद धरा. जाळीकडं ओढला जाऊन चिकटला तर सुलटा. उडून अंगावर आला तर उलटा, प्लस-मायनस बदला. तरी जोर कमी वाटला तर पाती उलट्या बसल्यात का बघा. नुसती दिशा बदलून पातीचा बाक बदलत नाही. निपाणीचे एक दादा सहा महिने उलटा फॅन घेऊन फिरत होते आणि रेडिएटर बनवणाऱ्याला बोल लावत होते.

फॅन किती डिग्रीला सुरू व्हावा?

थर्मोस्टॅट किती डिग्रीचा त्यावर. ८२ चा असेल तर फॅन साधारण ९२ ला सुरू, ८७ ला बंद. फॅन सुरू व्हायचा आकडा थर्मोस्टॅटच्या खाली ठेवलात तर तो कधी बंदच होणार नाही, कारण पाणी तिथपर्यंत उतरतच नाही. सेन्सर रेडिएटरमध्ये पाणी शिरतं त्या बाजूला किंवा इंजिनच्या पाणी बाहेर पडायच्या तोंडाशी असलेला मला बरा वाटतो. थंड बाजूला लावला तर तिथलं पाणी आधीच उतरलेलं असतं, म्हणून आकडाही तेवढा कमी धरावा लागतो.

तापमान तपासायला कोरोनातलं कपाळाचं थर्मामीटर घेऊन बसू नका. ते माणसाच्या तापासाठी आहे. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन घ्या. तिलाही चकचकीत अॅल्युमिनियम फसवतं, म्हणून मोजायच्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर मारा.

मेकॅनिक म्हणतो, "व्हॉल्व्ह काढून टाका साहेब, गाडी गरमच होणार नाही."

व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. हा सल्ला आपल्याकडं एवढा चालतो की लग्नाच्या आहेरासारखा प्रत्येकाला मिळतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या बाजूची बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी, आणि काही पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात. वर थंडीच्या दिवसांत हायवेला इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. शंका असेल तर तो पातेल्यात पाण्यासोबत उकळा, किती अंशाला उघडतो ते बघा. अडकत असेल तर नवा घाला. पातेलं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

पाणी कुठलं घालायचं? आमच्याकडं बोअरचंच आहे.

बोअरचं नको. भांड्याच्या तळाला बसतो तो पांढरा थर रेडिएटरच्या नळीतही बसतो, आणि तिथं घासायला काथ्या जात नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट. आपल्याकडं बर्फ पडत नाही, त्यामुळं निम्मं-निम्मं करायची सक्ती नाही. ३० ते ४० टक्के कूलंट गंज रोखायला पुरतं, आणि पाणी जास्त असेल तर उष्णताही जास्त वाहून नेतं. हिरवं आणि लाल एकत्र करू नका. सांडलेलं कूलंट लगेच धुवा. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

कॅपकडं मात्र लोक बघतच नाहीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथं उघड्या पातेल्यात साधं पाणी १०० ला नाही, ९७-९८ लाच उकळतं. ०.९ बारची कॅप नीट दाब धरत असेल तर तेच पाणी ११७ च्या आसपासपर्यंत तग धरतं. कॅपचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला. आमच्या वरातीत काटा १०५ च्या जरा वर असतानाच पाणी उडालं. कॅप धड असती तर एवढ्यावर उडायला नको होतं. फॅनच्या आधी कॅप बदला, ती सगळ्यात स्वस्त आहे.

बॉनेटची मागची कड उचलून ठेवली तर गरम हवा निघून जाईल?

उभ्या गाडीत थोडी जाईल. पळताना उलटं होतं: काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब जास्त असतो, तिथून हवा आत शिरते आणि रेडिएटरमागची हवा कोंडते. कोब्राच्या पुढच्या चाकांमागं बाजूला जाळ्या असतात त्या शोभेच्या नाहीत, गरम हवेचं दार तेच. आमच्या फायबरवाल्यानं तिथं नुसता आकार दिला होता, भोक पाडलंच नव्हतं! कापून मोकळं केलं. घरात वारा यायला जसं समोरचं आणि मागचं दोन्ही दारं उघडी लागतात तसंच हे.

अल्टरनेटर पुरेल का?

हिशेब घाला. आमचे दोन फॅन २० अँपिअर, हेडलाइट ५५ वॅटचे दोन म्हणजे ९, पेट्रोल पंप ५, इग्निशन ४, वर टेललॅम्प-मीटरचे २. झाले ४०. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणारा, ६० चा आहे, पण तो ६० पळताना देतो. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, निम्मे दिले तरी खूप. म्हणजे वरातीत, संध्याकाळी, लाइट लावून, दर तासाला दहा अँपिअर-तास बॅटरीतून जाणार. दोन तासांच्या वरातीत बॅटरी अर्धी होते, व्होल्ट पडतात, फॅन मंदावतो, आणि आपण पुन्हा पहिल्या प्रश्नावर. आम्ही हेडलाइटला एलईडी लावले नाहीत, आयडल मिनिटाला ९०० फेऱ्यांवरून ११०० केला. तेवढ्यानं भागलं.

चोर्ला घाट चढवेल का?

आमची चढते. गोव्याकडून येताना केरीपासून वर सलग चढ आहे, वेग ३०-४० आणि इंजिनवर पूर्ण भार, म्हणजे वारा कमी आणि उष्णता जास्त. वरचा गिअर धरून इंजिन घुसमटवू नका. एक गिअर खाली घ्या, पंपही जोरात फिरतो. काटा चढायला लागला तर हीटर असेल तर पूर्ण सोडा. मे महिन्यात पाय भाजतील, पण हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) वाचेल.

थांबावं लागलं आणि वाफ नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका, फॅन चालू ठेवून जरा वर आयडल द्या. पाणीच उडालं असेल तर मात्र तात्काळ बंद. आणि कॅप उघडायची घाई नको. पाऊण तास थांबा, कणकुंबीत चहा मिळतो. तापलेल्या कॅपला हात लावून माझ्या मित्राच्या मनगटावर जो डाग पडलाय तो अजून आहे. गरम इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, तोही मोह टाळा.

अथणी-गोकाककडं उन्हाळा कडक. तुमचे आकडे तिकडं चालतील?

थोडे कमी पडतील. पाणी ९० ला आणि बाहेर २५ असेल तर फरक ६५ चा; बाहेर ४० झाले की फरक ५० चा. उष्णता जाते ती या फरकाच्या प्रमाणात, म्हणजे त्याच फॅननं जवळजवळ पाव काम कमी होतं. तिकडच्या मंडळींनी फॅनपेक्षा रेडिएटर नळ्यांची एक रांग जास्त असलेला घ्यावा असं माझं मत.

गळीत हंगामात गाडी जास्त गरम होते. का?

कारण तुम्ही दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागं संकेश्वर ते निपाणी २० च्या वेगानं रांगत असता आणि उसाचं पाचट थेट तुमच्या जाळीत येतं. रेडिएटरपुढं डासांची जाळी लावू नका, ती हवाच अडवते. जरा मोठ्या भोकांची तारेची लावा. साफ करताना पाणी इंजिनच्या बाजूनं पुढं मारा, कमी दाबानं. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर गननं जाळीचे पत्र्याचे पंख आडवे झाले की जाळी दिसते स्वच्छ, पण बंद.

माझ्या रेप्लिकेत इंजिन मागं आहे आणि रेडिएटर पुढं. फॅन नवे घातले, तरी तेच.

तुमचा फॅन बहुतेक निर्दोष आहे. पुढून मागं जाणाऱ्या लांब पाइपांत कुठंतरी वर उचललेला बाक असतो, तिथं हवा अडकते. हवेचा बुडबुडा पंपात आला की पाणी फिरायचं थांबतं. प्रत्येक उंच जागी हवा काढायचा स्क्रू हवा. पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर उचला, इंजिन चालू ठेवून हळूहळू भरा, पाइप हातानं दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. चिकोडीच्या एका पोराची संध्याकाळ यातच गेली, सव्वा लिटर पाणी जास्तीचं बसलं, आणि गाडी सुतासारखी सरळ आली.

फॅन बदलायला आरटीओची परवानगी लागते?

फॅनची नोंद आरसीवर नसते. पण इंजिन, चासी, बॉडी बदलणं ही वेगळी गोष्ट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल बघता, कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत. गाडी केए २२ (बेळगाव) ची असो, केए २३ (चिकोडी) ची की एमएच ०९ (कोल्हापूर) ची, केंद्राचा कायदा सगळीकडं तोच. आधी कार्यालयात जाऊन लेखी विचारा, मग कापायला घ्या.

सगळं केलं. तरी गरम.

थंड गाडीची कॅप उघडा, इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे, होज पाइप मिनिटात दगडासारखा, किंवा ऑइलला चहाचा रंग? हेड गॅस्केट गेलं. फॅनचं पान बंद करा.

आता वरातीला गाडी देता का?

देतो. गेल्या मे महिन्यात वडगावात दोन तास रांगली, काटा ९४ च्या वर गेला नाही. अटी चारच: चालवणार मी, हेडलाइट अंधार पडेपर्यंत बंद, बेंजोनं गाडीपुढं दहा फूट मोकळे ठेवायचे, आणि पुढच्या तोंडावर फुलांची चादर टाकायची नाही. मागच्या वेळी करवल्यांनी झेंडूच्या माळांनी अख्खी जाळी झाकली होती. माळा दाराला बांधा, आरशाला बांधा, नवऱ्याच्या गळ्यात आणखी दोन घाला. आणि नारळ फोडायचा तो रस्त्यावर. बॉनेट फायबरचं आहे.